कागदावरचा पाय

नर्सने फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "दुखण्याचं चित्र अजून हेच आहे ना? बदल असेल तर सांगा, नाहीतर खाली सही." मला आधी रंग ओळखू आला. विटकरी लाल. आडव्या, बारीक रेघा, प्रत्येक रेघ शेजारचीला चिकटलेली, मध्ये कुठेही पांढरी फट नाही. मग आकृत्या दिसल्या. एक समोरून, एक पाठमोरी, दोघीही बिनचेहऱ्याच्या, हात अंगापासून जरा दूर धरून उभ्या. दुखतं तिथे रंगवा, असं वर छापलेलं होतं. पाठमोऱ्या माणसाच्या कमरेपासून डाव्या कुल्ल्यावर, तिथून मांडीच्या बाहेरच्या अंगाने तो लाल रंग खाली उतरला होता. पुढच्या माणसाच्या नडगीवरून तिरका होत पावलाच्या पाठीवर आला होता आणि अंगठ्याशी संपला होता. करंगळी कोरी होती. करंगळीच्या कडेने रंग इतका काळजीपूर्वक थांबवला होता की ते काम पेन्सिलीला टोक करून करून केलेलं असणार, हे कुणालाही कळलं असतं. मला तर ते टोक करण्याचा आवाज ऐकू आला. माझा हात टेबलावर होता तो तिथेच राहिला. ते चित्र मी काढलं होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

बाबा खिडकीपाशी उभे होते. बसायला चार खुर्च्या होत्या, पण बाबा बसत नाहीत. बसले तर उजव्या कुल्ल्यावर, एका बाजूला कललेले, बसमधून पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखे. खिडकीतून खाली कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टन शहराचा बंदराकडचा भाग, पोलाद कारखान्याच्या चिमण्या आणि त्यांच्यामागे करडं तळं दिसत होतं. चिमण्यांच्या अलीकडे एक उंच इमारत होती, तिचा सांगाडा बाबांच्या टोळीने उभा केला होता. येताना गाडीत त्यांनी ती मला दाखवली, शंभराव्यांदा. आता ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कमरेवर, मागच्या बाजूला, हाडाच्या काठावर रुतलेला होता. तेरा वर्षं तो अंगठा तिथे आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत आहे. माझ्या पदवीदानाच्या फोटोतही बाबांचा उजवा हात माझ्या खांद्यावर आणि डावा मागे, कमरेवर. आई म्हणायची, "तुझा बाप रुबाब करतो." मीही तसंच समजत आले. मंगळवारी त्यांचं तिसरं ऑपरेशन ठरलं होतं. मणक्यात आधीच चार स्क्रू होते, त्यांच्या वर आणखी चार बसणार होते. आज फक्त तपासण्या, सह्या आणि हा कागद.

तेरा वर्षांपूर्वी बाबा कामावर पडले तेव्हा ते फार उंचावरून पडले नव्हते. तुळईवरून घसरून खालच्या तुळईवर, चार-साडेचार फूट. टोळीतल्या माणसांना ते पडणं वाटलंच नाही, ते हसले. पण बाबा पडले ते डाव्या बाजूला कमरेच्या पट्ट्याला लटकवलेल्या बोल्टांच्या थैलीवर. थैली भरलेली होती. घरी आल्यावर आईने त्यांना पालथं झोपवलं, सदरा वर केला, आणि मी दारातून बघितलं: कुल्ल्याच्या वर, हाडाच्या काठावर, पिकल्या आलुबुखाराएवढा निळा-जांभळा डाग. आईने कोबीचं पान लाटून, आलुबुखाराच्या दारूत भिजवून त्यावर बांधलं. आमच्या बोस्नियातल्या गावाकडे मुका मार लागला की हेच करतात. घरभर तो वास दोन आठवडे राहिला. म्हणजे आई आणि मी, दोघींनीही ती जागा बघितली होती. मी हे आत्ता, नर्ससमोर बसून, पहिल्यांदा असं मनाशी म्हणत होते: आम्ही जागा बघितली होती. मग डाग पिवळा झाला, गेला, आणि दुखणं राहिलं. उभं राहिलं की, वाकून वर आलं की, कुशीवर वळलं की कळ. कंबर आणि ढुंगण. तेवढंच. पाय नव्हता.

पाय गॉर्डीने आणला. गॉर्डी टोळीचा मुकादम, न्यूफाउंडलंडचा, लाल मानेचा, प्रचंड बोलका. बाबांवर त्याचा जीव होता. तो साखरेच्या डोनटांचा खोका घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामगारांच्या अपघात-भरपाई मंडळाचा फॉर्म पसरून बसला. बाबांचं इंग्रजी तेव्हा तुळया आणि बोल्टांपुरतं होतं, म्हणून मी मध्ये. "सांग तुझ्या बापाला," गॉर्डी म्हणाला, "नुसती कंबर लिहिलीस तर मेलास. कंबर त्या मंडळातल्या कारकुनाचीही दुखते. तो म्हणणार, माझी दुखते तशीच तुझी दुखते, गोळी घे नि कामाला लाग. पाय लिही. कळ पायात उतरते म्हटलं की नस आली. नस आली की सगळे सरळ बसतात." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "पण पाय दुखत नाही." मी तेही सांगितलं. गॉर्डीने डोनटची साखर मिशीवरून पुसली. "दुखेल रे! आधी कागदावर तर दुखू दे." तो हसला आणि बाबाही हसले. टोळीतल्या सगळ्यांनी असंच लिहिलं होतं म्हणे. उंचावर काम करणारे ते सगळे धट्टेकट्टे पुरुष, आणि कागदावर प्रत्येकाचा एक पाय अधू. त्यात कुणाला खोटं वाटत नव्हतं. दुखणं खरंच होतं. कागदाला समजेल अशा जागी ते हलवायचं, एवढंच. फक्त आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "धडधाकट पायाचं नाव उगाच घेऊ नका." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी तर मुळीच नाही. मला काम मिळालं होतं.

कारण नुसता पाय रंगवायचा म्हणजे कसा, हा प्रश्न मला पडला. सगळा पाय? की पट्टा? आणि पट्टा असेल तर कुठून कुठे? गॉर्डी म्हणाला, "रंगव गं कसाही." मला कसंही काही करता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाचनालयात मी मानवी शरीरावरचं जाड पुस्तक काढलं. त्यात एक नकाशा होता: कुठल्या मणक्यातून निघालेली नस त्वचेच्या कुठल्या भागाची मालकीण. देशांचे असावेत तसे रंग. मला तो नकाशा इतका आवडला की मधली सुट्टी गेली ते कळलं नाही. मी कमरेची पाचवी नस निवडली. का? तिचा आकार छान होता. मांडीवरून नडगीवर तिरकी येणारी आणि अंगठ्याशी संपणारी. शेजारची नस करंगळीकडे जात होती, म्हणून मी करंगळीला हात लावला नाही. घरी येऊन विटकरी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि बाबांच्या नावाच्या कागदावर तो देश काढला.

त्या चित्राचं कौतुक झालं. घरात आमच्याकडे सांगण्यासारख्या फार गोष्टी नाहीत. ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच युद्धातल्या, त्या कुणी सांगत नाही. ही एक गोष्ट बाबा सगळ्यांना सांगतात: मणक्यांच्या डॉक्टर हॉलिंगरने कागद हातात घेतला, एमआरआयच्या फोटोकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, इतकं स्पष्ट चित्र मला आजवर कुणी दिलं नाही, पाचव्या नसेवरच मणक्यांमधली चकती टेकलीय बघा. ज्याने हे काढलंय त्याला विज्ञान शिकवा. त्याच संध्याकाळी बाबांनी मला सूक्ष्मदर्शक आणून दिला, जुनाच, पण चांगला. कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख, बाबांचं रक्त. तिथून इथपर्यंत. मी विद्यापीठात शरीररचना शिकवते, देहदान केलेल्यांची शरीरं उघडून विद्यार्थ्यांना दाखवते, याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं तर मी हसून हीच गोष्ट सांगते. सांगत आले. चाळिशीनंतर पुष्कळ माणसांच्या फोटोत एखादी चकती कुठल्या तरी नसेवर टेकलेली दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीही दुखत नसतं, हे मला ठाऊक आहे. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी ते शिकवते.

आणि गेल्याच शुक्रवारी. आठ विद्यार्थी, एक वृद्ध बाई पालथी, पाठीचं कातडं मी आदल्या दिवशी सोडवून ठेवलेलं. चिमट्याने चरबी बाजूला करत मी त्यांना कमरेच्या हाडाचा काठ दाखवत होते. तिथे काठ ओलांडून कुल्ल्याच्या त्वचेकडे जाणाऱ्या नसा असतात, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. त्यांतली एक या बाईची हाडातल्या खाचेत बसलेली होती, रहाटाच्या दोराने दगडाला पडावी तशी खाच, आणि वरून पांढऱ्या जाड पडद्याचं छप्पर. चिमट्याचं टोकही आत जाईना. "हिला बहुतेक आयुष्यभर कंबर दुखली असेल," मी म्हणाले, "आणि सगळ्यांनी मणक्याकडे बघितलं असेल. ही नस कुठल्याही फोटोत दिसत नाही. मधल्या रेषेपासून सात सेंटिमीटर, हाडाच्या काठावर. ही बोटालाच सापडते." एक मुलगा म्हणाला, "मग डॉक्टर बघत का नाहीत?" मी म्हणाले, "बघायची नसते, दाबायची असते," आणि सगळे हसले. मी हात धुतले, घरी गेले, आईबरोबर पालक भरलेल्या आमच्या पापुद्र्यांच्या पोळ्या लाटल्या, मंगळवारी बाबांना किती वाजता न्यायचं ते ठरवलं. मला काहीही आठवलं नाही. हे मी आता टेबलाशी बसून तपासत होते, खिसे तपासावेत तसं: शुक्रवारी मला बाबा का आठवले नाहीत? आणि उत्तर समोरच होतं. माझ्या डोक्यातल्या बाबांचा पाय दुखत होता. मीच काढलेल्या चित्रावर माझा पूर्ण विश्वास होता.

"काही अडचण?" नर्सने विचारलं. तिच्या छातीवर डोरीन असं लिहिलं होतं. मी म्हणाले, पाच मिनिटं द्या. ती पडदा ओढून गेली. मी कागद घेऊन उठले.

"बाबा, हे बघा."

ते आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! अजून आहे? बघ, एक रेघ बाहेर गेली नाही. याची फोटोकॉपी मिळेल का विचार, आईला दाखवू."

"बाबा, तेव्हा तुमचा पाय दुखत होता का?"

"हळू बोल."

"दुखत होता का?"

"तू होतीस ना तिथे. गॉर्डीने सांगितलं ते लिहिलं. आता वकिलासारखं काय विचारतेस?"

"तिकडे वळा जरा. पट्टा सैल करा."

"इथे? वेड लागलंय का तुला?"

"वळा."

ते वळले. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हात टेकले, तपासणीला उभे राहिल्यासारखे. मी सदरा वर केला. मधोमध दोन ऑपरेशनांचा उभा पांढरा वण होता, गुळगुळीत, झिपसारखा. त्याच्यापासून डावीकडे मी मोजत गेले. माझ्या हाताचं माप मला माहीत आहे. सात सेंटिमीटरवर, हाडाच्या काठाशी, कातडी जरा जाड आणि काळपट झालेली होती. दाराच्या मुठीजवळचा रंग होतो तशी. तेरा वर्षांचा अंगठा. तिथे मी माझा अंगठा ठेवला आणि दाबला.

बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. तुळईवरून पडले तेव्हाही ते म्हणे ओरडले नव्हते. सीमेवर, आईच्या पोटात मी होते तेव्हा, शिपायांनी बंदुकीच्या दस्त्याने मारलं तेव्हाही नाही. आता ते लहान मुलासारखे "आई" म्हणाले, आमच्या भाषेत, आणि त्यांचं कपाळ काचेवर आपटलं. पडदा बाजूला झाला. "काय झालं?" डोरीन.

"काही नाही," बाबा काचेशीच बोलले. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. "मुलगी डॉक्टरकी शिकतेय. माझ्यावर."

ती गेली. मी अंगठा काढला होता, पण तो अजून दाबतोय असं मला वाटत होतं. बोटाच्या पेरात त्यांच्या हाडाची धार तशीच होती. बाबा हळूहळू वळले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं. हरवलेलं माणूस बाजारात समोर यावं तसं.

"तेच," ते म्हणाले. "तेच आहे ते. अगदी तेच. तुला कसं सापडलं?"

"तेरा वर्षांत कुणी तिथे बोट नाही लावलं? दोन ऑपरेशनं झाली, बाबा."

"कशाला लावतील?" ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती. "त्यांच्याकडे कागद होता ना."

मी खुर्चीत बसले. मग मी त्यांना सांगितलं. वाचनालय, जाड पुस्तक, पाचवी नस, तिचा आकार छान होता हेही. नस मणक्यात नाही, हाडाच्या काठावर चिमटलेली असू शकते हे. बोटाने सिद्ध काही होत नाही, आधी तिथे एक बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात, दुखणं थांबलं तर तीच जागा, आणि ते मंगळवारच्या आधी करायला हवं, हे सगळं मी वर्गात सांगते तशा सपाट आवाजात सांगितलं, कारण दुसरा आवाज मला सापडत नव्हता. बाबा ऐकत उभे राहिले. अंगठा पुन्हा जागेवर गेला होता.

"म्हणजे पुस्तकात बघून," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं, तू मनाने काढलंस. हुशार आहे म्हणून जमलं." "लोक माझ्यासमोर म्हणायचे, फिक्रेतची पोर. मी त्यांना म्हणायचो, तिने बघून नाही काढलं, तिला कळतं."

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "आता हा कागद बदलला तर मंडळ जुनं सगळं उकरून काढेल. म्हणतील, फिक्रेत शाबिच खोटं बोलला."

"बोललाच की."

"मी सांगेन, मी रंगवलं."

"गप. चौदा वर्षांच्या पोरीचं नाव सांगून सुटू? उद्या गॉर्डीला वर गेल्यावर काय तोंड दाखवू? तो तिथेही कुणाला तरी फॉर्म भरून देत असेल." ते हसायला गेले, आणि हसण्याने कंबर हलली तसे थांबले. मग त्यांनी पडद्याकडे बघून हाक मारली, "मिस डोरीन! नवा कागद आहे का? कोरा?"

तिने आणून दिला. तेच दोन बिनचेहऱ्याचे. बाबांनी पेन घेतलं, माझ्याकडे दिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एकही फॉर्म स्वतः भरलेला नाही. टेबलावर वाकले, पाठमोऱ्या माणसाच्या कमरेवर पेनाचं टोक नेलं, उजवीकडे-डावीकडे गोंधळले, स्वतःच्या अंगठ्याकडे मान वळवून बघितलं, आणि एक ठिपका दिला. मसुराच्या दाण्याएवढा. मागे होऊन त्याच्याकडे बघत राहिले.

"एवढंच?" ते म्हणाले. कुणाला ते कळलं नाही. "एवढंच होतं?"

डोरीनने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. तिच्या चेहऱ्यावरचा सरावाचा भाव हळूहळू गेला. "मिस्टर शाबिच, ही दोन वेगळी माणसं आहेत."

"मंगळवारी मी येत नाही," बाबा म्हणाले. "डॉक्टरला सांगा, आधी कुणीतरी इथे बोट लावणारा माणूस बघा. सुई टोचून बघा. मग स्क्रू."

"ते मी सांगते. आत्ता सांगते." ती दाराशी थांबली. "मग पाय? पाय खोडायचा ना?"

मी हो म्हणणार होते. हो माझ्या तोंडात आलं होतं. बाबा म्हणाले, "नाही. पाय राहू दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. चूक आपली असावी तसे जमिनीकडे बघत होते. "दुसऱ्या ऑपरेशननंतर," ते म्हणाले. "शुद्धीवर आलो तेव्हापासून पायातही कळ उतरते. मला वाटलं, तुझ्या चित्रात आधीपासूनच होता, म्हणजे दुखायचाच होता. म्हणून बोललो नाही."

ते खुर्चीत बसले, उजव्या कुल्ल्यावर, आणि डावा पाय पुढे केला. मी खाली बसून त्यांचा बूट काढला, मोजा काढला. पाऊल गोरं, थंड, तळव्याला अजून घट्टे. पेनाचं टोपण घेऊन त्याची कड मी नडगीच्या बाहेरच्या बाजूने ओढली. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते: रुग्णाला डोळे मिटायला सांगा, विचारा, सुचवू नका.

"डोळे मिटा. हे कळतंय?"

"नाही."

नडगीवरून तिरकं खाली. "हे?"

"नाही."

पावलाची पाठ. "नाही." अंगठा. मी अंगठ्याला कड जोरात लावली, पांढरा वळ उठला. "नाही," बाबा म्हणाले, "लावलंस का?"

नकाशाची हद्द मला पाठ होती. मी ती ओलांडली आणि टोपण करंगळीला टेकवलं, अगदी हलकेच.

"हो," बाबा डोळे मिटूनच म्हणाले आणि पाय मागे घेतला. "गुदगुल्या नको करूस."